बोलीचा आकडा



आपल्या सुरतेत हिऱ्याचा भाव ठरला की हिरा बदलत नाही. खेळाडूचे तसे नसते. लिलावात भाव लागतो मागच्या खेळावर, हिशेब मागतात पुढच्या खेळाचा.

पुण्याच्या केदार जाधवचेच पाहा. २०१७ मध्ये त्याने पुण्यातच इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. २०१८च्या आयपीएल लिलावात त्याची मूळ किंमत होती दोन कोटी. संघांच्या चढाओढीत ती चढली आणि चेन्नईने त्याला ७ कोटी ८० लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात, वानखेडेवर, त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. तो मैदान सोडून गेला, पण नऊ गडी बाद झाल्यावर लंगडत परतला. शेवटच्या षटकात एक षटकार, एक चौकार, सामना जिंकला. त्याचा तो मोसम मात्र तिथेच संपला.

२०२० मध्ये आठ सामन्यांत ६२ धावा झाल्या, तेव्हा लोक एकेका धावेची किंमत काढू लागले. वानखेडे कुणाला आठवले नाही. पुढच्या लिलावात तो पुन्हा दोन कोटींवर आला.

पैसे घेतले की जाब द्यावाच लागतो, हे खरे. पण मुलाच्या पॅकेजचा आकडा आपणही इथे मांडवात कौतुकाने सांगतोच ना? त्याचे एखादे वर्ष वाईट गेले, तर त्याला आकड्याची आठवण करून देऊ नका. एवढेच विचारा, "बाबा रे, झोप लागते ना?"

गणपती बाप्पा मोरया!