विजेचा भडका आणि कामगाराचा हक्क



आजचा विषय वरवर पाहता यंत्रशाळेचा आहे. परंतु खरे पाहता तो आपल्या घरातला आहे. आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी मुले आय.टी.आय.मध्ये शिकून तारतंत्री, म्हणजे वायरमन, होऊन बाहेर पडतात. कोणी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात जातो, कोणी वीज उपकेंद्रात, आणि पुष्कळसे ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत विणखात्याचे दार आपल्या वाडवडिलांना बंद होते. तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तेवढ्या कारणावरून चांगल्या मजुरीचे काम त्यांना नाकारले जाई. ज्यांना असे कसबापासून दूर ठेवले गेले, त्यांची नातवंडे आज विजेच्या पॅनेलसमोर उभी आहेत. ही प्रगती होय. परंतु कसबाचे काम मिळाले म्हणजे जिवाचे रक्षणही आपोआप झाले, अशा भ्रमात आपण राहू नये.

विजेचा धक्का सर्वांना ठाऊक आहे. उघड्या तारेला अंग लागले की तो बसतो, म्हणून ‘हात लावू नकोस’ एवढी शिकवण आपण मुलाला देतो. परंतु विजेचा दुसरा एक धोका असा आहे की तो हात न लावताच माणसाला जाळतो. इंग्रजीत त्याला आर्क फ्लॅश म्हणतात. आपण त्याला विजेचा भडका म्हणू.

हा भडका कसा होतो? दोन उघड्या वाहकांमधील हवा एरवी विजेला अडवून धरते. परंतु कोणाच्या हातून पाना निसटून पट्ट्यांवर पडला, जुने आवरण झिजले, आत ओल वा धातूची धूळ साचली, एखादा उंदीर शिरला, अथवा कमी क्षमतेचे मीटर चुकीच्या जागी टेकवले, तर ती हवाच वाहक बनते आणि तिच्यातून प्रचंड प्रवाह धावू लागतो. त्या ठिकाणचे उष्णतामान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. सूर्याच्या पृष्ठभागाचे उष्णतामान सुमारे ५,५०० अंश आहे, हे लक्षात घ्या. तांब्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते मूळच्या हजारो पट जागा व्यापते. म्हणून नुसती आग लागत नाही, स्फोट होतो. वितळलेल्या धातूचे थेंब उडतात, डोळे दिपून इजा होते, आवाजाने कानाचे पडदे फाटतात आणि हवेच्या दाबाने माणूस फेकला जातो. हे सारे सेकंदाच्या अल्पशा भागात घडते. पळून जाण्यास वेळ नसतो, म्हणून जे काही रक्षण करावयाचे ते आधीच केले पाहिजे.

ह्या धोक्याचे शास्त्र फार जुने नाही. वीज कारखान्यांत येऊन पुष्कळ काळ लोटला. मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज १९१५ साली मिळाली. परंतु भडक्यापासून किती अंतरावर माणूस भाजतो, ह्याचे गणित अमेरिकेतील राल्फ ली ह्या अभियंत्याने १९८२ साली एका निबंधात मांडले, तेव्हा ह्या प्रश्नाकडे जगाचे नीट लक्ष गेले. पुढे २००२ साली तेथील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने ह्या गणिताची प्रमाणपद्धती प्रसिद्ध केली आणि २०१८ साली ती सुधारली. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.२ कॅलरी उष्णता पडली की फोड येणारी, दुसऱ्या दर्जाची भाजणी होते, असे त्यात धरले जाते. एक ग्रॅम पाण्याचे उष्णतामान एक अंशाने वाढविते ती एक कॅलरी. इतकी थोडी उष्णता पुरते; आणि मोठ्या पॅनेलसमोर ती ह्याच्या कितीतरी पट पडू शकते.

ह्या गणितातील एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. भाजणारी उष्णता भडका किती वेळ टिकला ह्यावर अवलंबून असते. वेळ दुप्पट, तर उष्णता दुप्पट. ब्रेकर वा फ्यूज ह्यांनी प्रवाह लवकर तोडला तर माणूस वाचतो. उशीर केला तर तो जळतो. आता आपल्याकडील वहिवाट पाहा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार बांधली जाते. ब्रेकर पडून काम थांबते म्हणून त्याची मर्यादा वाढवून ठेवली जाते. वर्षानुवर्षे ब्रेकरला तेलपाणी होत नाही, त्याची चाचणी होत नाही. मालकाच्या हिशेबी ह्याला उत्पादन वाचविणे म्हणतात. परंतु त्या जाड तारेची किंमत एखाद्या दिवशी कामगाराच्या कातडीने चुकती होते.

मग रक्षण कशाने होते? पहिला उपाय एकच: वीज बंद करून काम करणे. पुरवठा तोडावा, तोडलेल्या जागी कुलूप घालावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी, नावाची पाटी लावावी, परीक्षक यंत्र आधी चालू तारेवर तपासून मग कामाच्या तारेवर लावावे आणि पुन्हा चालू तारेवर तपासावे, शेवटी अर्थिंग करावे. लाइनवर काम करणारे ज्याला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात, ती लेखी असावी. तोंडी निरोपावर कोणीही खांबावर चढू नये वा पॅनेल उघडू नये.

दुसरा उपाय यंत्रणेचा: भडका झटपट तोडणारी साधने, दुरून चालविण्याची सोय आणि पॅनेलवर धोक्याची पातळी सांगणारी पाटी. कपडे आणि मुखवटा हा उपाय शेवटचा आहे. भडक्यासाठी तपासलेला पोशाख किती कॅलरी सोसतो, हे त्यावर लिहिलेले असते. तो मुळीच नसेल तर निदान नायलॉन वा टेरिलीन अंगावर असू नये, कारण ते वितळून कातडीला चिकटते. साधे सुती कापड वितळत नाही, परंतु ते पेटते; म्हणून सुती सदरा म्हणजे संरक्षक पोशाख नव्हे. आणि चांगला पोशाख दिला म्हणून चालू विजेवर काम करावयास लावणे, हाही न्याय नव्हे.

आता कायद्याकडे वळू. वीज आणि मजूर हे दोन विषय आपल्या इतिहासात एकत्र आलेले आहेत. १९४२ ते १९४६ ह्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेच्या नियोजनाचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. पुढे संविधानाच्या कलम ४२ ने कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीची जबाबदारी राज्यावर टाकली. १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हे कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानले.

१९४८ च्या कारखाने कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. तिच्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवा. सुरक्षेसाठी जे काही दिले जाईल त्याचा आकार कामगाराकडून घेता येत नाही. म्हणून हातमोजे वा पोशाख ह्यांचे पैसे पगारातून कापणे बेकायदेशीर आहे. नेमणुकीचे पत्र देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि आपल्या सुरक्षेसंबंधी माहिती मागण्याचा कामगारास हक्क आहे. गंभीर इजा वा मृत्यू ओढवेल अशी वाजवी भीती वाटल्यास ती मालकास आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकास तो कळवू शकतो.

ह्याच्या जोडीला विजेचे सुरक्षा नियम आहेत. अधिकृत नसलेल्या माणसाने चालू विजेवर काम करता कामा नये, आणि काम करणाऱ्यास हातमोजे, शिरस्त्राण, अर्थिंगची साधने पुरविली पाहिजेत, हा दंडक १९५६ च्या नियमांपासून चालत आलेला आहे. तेव्हा अधिकारपत्र नसलेला मदतनीस ‘वीज बंद केल्याशिवाय मी हात घालणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो उद्धटपणा करीत नाही. तो कायदा पाळतो. हे म्हणणे साक्षीदारासमोर, शक्य तर लेखी, मांडावे.

दुर्दैवाने अपघात झालाच, तर घरच्यांनी काय करावे? प्रथम रुग्णालयात ‘कामावर विजेने भाजला’ असे स्पष्ट नोंदवून घ्यावे. ‘घरी स्टोव्हने भाजला’ अशी नोंद करण्याची गळ कोणी घातली तर ती मानू नये. वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ खाली अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकास द्यावी लागते व चौकशी होऊ शकते. त्या अहवालाची प्रत मागावी. जळालेले कपडे, हजेरीची चिठ्ठी, पगाराचा कागद, लाइन क्लिअरची प्रत जपून ठेवावी. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कदापि देऊ नये.

भरपाईचा दावा पूर्वी १९२३ च्या कायद्याखाली होत असे. आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली होतो. त्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मुख्य मालकाची जबाबदारी टळत नाही. ज्याचा राज्य कामगार विमा आहे त्याला लाभ त्या योजनेतून मिळतात. ‘चूक कामगाराचीच होती’ हे वाक्य ऐकून पुष्कळ विधवा दावाच करीत नाहीत. त्यांना सांगा की मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर कामगाराने नियम मोडला एवढ्या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही.

आपल्या घरातील वायरमन मुलगा, भाऊ वा पती आज कामावरून परतला म्हणजे त्याला जेवताना पाच प्रश्न विचारा. नेमणुकीचे पत्र आहे काय? चालू विजेवर काम करण्याचे अधिकारपत्र आहे काय? लाइन क्लिअर लेखी मिळते काय? कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात असते? अंगावरचा सदरा कशाचा आहे? ज्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘ठाऊक नाही’ असे येईल, तो कागदावर लिहून त्याने दुसऱ्या दिवशी मालकाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. एकट्याला भीती वाटत असेल तर चारजणांनी मिळून सह्या कराव्यात.