सही करण्यापूर्वी



जबलपुरात दीक्षान्त भाषण मराठीत करायची मुभा दिलीत, त्याबद्दल आभार. हे शहर 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं आणि 1817 पर्यंत इथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेव्हा मराठी इथं अगदीच परकी नाही. मला बोलायचंय ते मात्र भोसल्यांच्या कितीतरी आधीच्या माणसांबद्दल.

शाळेच्या पुस्तकात आदिमानव आफ्रिकेत निघतो, पुढच्या धड्यात मेसोपोटेमिया, इजिप्त, हडप्पा येतात आणि परीक्षा होते. नर्मदा भेटते ती भूगोलाच्या तासाला. पण 1870 च्या दशकात शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यात, भुतरा गावाजवळ, भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हॅकेट नावाच्या अधिकाऱ्याला नर्मदेच्या जुन्या गाळात माणसाने घडवलेलं एक दगडी हत्यार सापडलं. ते जमिनीवर पडलेलं नव्हतं, थरात रुतलेलं होतं. आणि त्याच गाळात नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं मिळत होती. म्हणजे ते प्राणी हिंडत होते तेव्हा इथं माणूसही होता. हॅकेटने हत्यार नुसतं खिशात टाकलं असतं, तर आज तो एक टोकदार दगड असता. कुठल्या थरात मिळालं हे त्याने नोंदवलं, म्हणून तो पुरावा झाला.

हॅकेटला मिळालं तसलं हत्यार म्हणजे हातकुऱ्हाड. ती तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेतली आहे? बुडाशी जाड, तळव्यात बसणारी, टोकाकडे बदामासारखी निमुळती. दोन्ही अंगांनी छिलके काढलेले असतात, त्यामुळे तिची धार कडेने पाहिली तर नागमोडी दिसते. घडवणारा एक घाव घालायचा, दगड उलटायचा, आणि आधीच्या खाचेच्या काठावर पुढचा घाव घालायचा. कोन चुकला तर सगळी मेहनत वाया. शेवटचा आकार डोक्यात पक्का असल्याशिवाय पहिला घाव घालता येत नाही. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला अशी हत्यारं सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची निघाली आहेत. कुणीतरी कुणाला तरी शेजारी बसवून हे शिकवलं असणार. त्या शिक्षणाला दीक्षान्त समारंभ नव्हता, पण नापास होण्याची सोय मात्र भरपूर होती.

5 डिसेंबर 1982 रोजी अरुण सोनकिया यांना सिहोर जिल्ह्यात, हथनोऱ्याजवळ नर्मदेच्या काठी मानवी कवटीचा अर्धा भाग मिळाला. एवढी जुनी कवटी भारतात तोवर मिळाली नव्हती. सोनकिया भूवैज्ञानिक होते.  पहिल्यांदा तिला होमो इरेक्टस म्हटलं गेलं, पुढे काही तज्ज्ञांनी ती आपल्याला जवळच्या, पण प्राचीन अशा मानवाची ठरवली. वयाबद्दल आजही एकमत नाही. कारण ती गोट्यांच्या थरात सापडली, आणि असा थर नदीने वाहून आणलेला असतो. त्यात वेगवेगळ्या काळांच्या वस्तू एकत्र येऊन पडलेल्या असू शकतात. चाळीसहून अधिक वर्षं झाली, अभ्यास चालूच आहे. निकाल लागत नाही तोवर ‘लागला नाही’ असं म्हणत राहणं, हे मला त्या शास्त्रज्ञांचं मोठंच काम वाटतं. प्राचीन भारतात सगळंच होतं असं छातीठोक सांगणाऱ्यांनी त्यांच्याकडून थोडा धीर उसना घ्यावा.

भीमबेटकाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नीमचमध्ये जन्मलेले पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांना भोपाळकडे रेल्वेने जाताना खिडकीतून खडकांच्या रांगा दिसल्या. पुढे ते तिथं गेले आणि 1957 मध्ये चित्रांनी भरलेले शैलाश्रय जगापुढे आले. 2003 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. या गोष्टीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. भीमबेटका कागदोपत्री 1888 पासून होतं. स्थानिक आदिवासींच्या सांगण्यावरून एका ब्रिटिश अधिकाऱ्याने ते बौद्ध स्थळ म्हणून लिहून ठेवलं होतं. जवळपास सत्तर वर्षं त्या चुकीच्या नोंदीवर कुणी हरकत घेतली नाही. गाडीत वाकणकरांच्या डब्यात इतर प्रवासीही असतील. खडक त्यांनाही दिसलेच असतील.

आता अगदी जवळ येतो. भेडाघाटच्या रस्त्याला तेवर लागतं, तुमच्या वसतिगृहापासून तासाभराचाही रस्ता नाही. हीच त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. शहराला ती आठवते 1939 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे, सुभाषबाबूंमुळे. त्या कलचुरींचा इतिहास मुख्यतः दगडावर आणि ताम्रपटांवर कोरलेल्या लेखांत आहे. तो अक्षर अक्षर वाचून उभा केला वासुदेव विष्णु मिराशींनी. कोकणातला माणूस, नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ 1955 मध्ये दोन भागांत निघाला. तेवरला 1952 मध्ये मोरेश्वर दीक्षितांनी सागर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं, आणि कलचुरींच्या हजाराहून अधिक वर्षं आधीपासून तिथं वस्ती होती हे दाखवून दिलं.

पण मिराशी आणि दीक्षित पोहोचले ते जे उरलं होतं त्यापर्यंत. तेवरलगतच्या करणबेलच्या अवशेषांतले घडीव दगड एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या ठेकेदारांनी बांधकामासाठी उचलून नेले. 1870 च्या मार्चमध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला तेव्हा मोठा समारंभ झाला. करणबेलच्या दगडांचं झालं तेच हडप्पाच्या विटांचंही झालं. लाहोर-मुलतान लोहमार्गाखाली त्या खडी म्हणून गेल्या. ठेकेदाराला मी फारसा दोष देत नाही. त्याला दगड हवा होता, त्याने जवळचा घेतला. पण त्या कामाचा नकाशा काढणारा, मोजमाप तपासणारा, बिलावर सही करणारा माणूस शिकलेला होता. त्याच्याकडे पदवी असेल, निदान हुद्दा तरी होताच. माझं भाषण खरं तर त्याच्याबद्दल आहे.

वस्तू कुणी उचलून नेली नाही, तरीही ती हरवू शकते. याच शहरात 1828 मध्ये, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला डायनोसॉरची हाडं सापडली. भारतातली पहिलीच. पुढे त्यातला एक मणका गहाळ झाला असंच सगळे धरून चालले होते. धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो 2012 मध्ये कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात मिळाला. वस्तू घरात होती, ओळख हरवली होती.

तुमच्यातले काही जण अभियंते होतील, काही कलेक्टर कचेरीत बसतील, काही वकील, काही शिक्षक. नर्मदेच्या वाळूचे डंपर भरलेले तुम्ही रोज पाहता. वाळूबरोबर गोटे जातात, गोट्यांबरोबर थर जातो, आणि एकदा थर गेला की हथनोऱ्यासारख्या जागेबद्दल पुन्हा प्रश्नही विचारता येत नाही. एखादा परवाना, एखादं मोजमाप, एखादा जमिनीचा उतारा तुमच्या टेबलावर येईल. सही करण्यापूर्वी एकदा त्या जागी जाऊन या. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. भीमबेटकाची पहिली खबर आदिवासींनीच दिली होती.

आणि नदीकाठी फिरताना हातकुऱ्हाड दिसलीच, तर ती उचलून घरच्या शोकेसमध्ये ठेवू नका. जागच्या जागी फोटो घ्या, जागा लिहून ठेवा, आणि इथल्या राणी दुर्गावती संग्रहालयाला कळवा.