शेजारच्या सीटवर मालक

परंड्याच्या किल्ल्यापुढून माझी जुनी मारुती ८०० निघाली, की लोक अजून शेजारच्या सीटवर मालक शोधतात. शेळ्या विकून गाडी मीच घेतली. घरात मात्र दिराच्या नावावर करायचं चाललेलं. सासूबाई म्हणाल्या, "शेळ्या हिच्या, गाडी हिची." जुनी गाडी घ्याल तर फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या पुऱ्या करा, आरसी स्वतःच्या नावावर करून घ्या, १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवा. शिकताना क्लच सोडला की गाडी बंद पडायची, पोरं हसायची. मग एका रात्री जावेला कळा सुटल्या. बार्शीला मीच नेलं. हात थरथरत होते, पण गाडी एकदाही बंद पडली नाही. आता बाजाराला जाताना पुढची सीट सासूबाईंची.