सहकुटुंब पानिपतदर्शन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सुटीत उत्तरेच्या प्रवासास जातात. दिल्ली, आग्रा, हरिद्वार पाहून होते. परंतु दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरांवर असलेले पानिपत बहुधा राहून जाते. पराभवाचे स्थळ मुलांना काय म्हणून दाखवावे, असा विचार त्यामागे असतो. माझी आग्रहाची विनंती आहे की, ते अवश्य दाखवावे.

पानिपत शहराबाहेर ‘काला आंब’ नावाचे स्थळ आहे. रणातील रक्ताने येथील आम्रवृक्ष काळवंडला, अशी लोककथा आहे. तो वृक्ष आता नाही. तेथे स्मारकस्तंभ व बाग आहे. डोळ्यांना दिसण्याजोगे याहून फारसे काही नाही. म्हणूनच वडीलधाऱ्यांनी तेथे बोलले पाहिजे.

प्रथम सांगावे ते अन्नाविषयी. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली व सदाशिवरावभाऊंची दिल्लीकडील वाट तोडली. त्यानंतर सुमारे अडीच महिने मराठी सैन्य पानिपतास कोंडले गेले. धान्य सरले, वैरण सरली. १४ जानेवारी १७६१ रोजी आपली माणसे रणात उतरली ती उपाशीपोटी. शौर्यास तोटा नव्हता, रसद नव्हती. केवळ शौर्याचे पोवाडे ऐकून वाढणाऱ्या मुलांना हे कळणे अगत्याचे आहे.

दुसरे, लष्कराबरोबर बायकामुले व यात्रेकरूही होते. नाना फडणीस त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे. त्यांची मातोश्रींशी ताटातूट झाली, ती कायमचीच. अशा किती माउलींची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत! वाचून परतलेल्या अनेकांना सूरजमल जाटाने आश्रय दिला, हा उपकारही विसरू नये.

आता थोडे स्पष्ट बोलतो. तेथे गेल्यावर ‘यांत आपल्या ज्ञातीचे किती होते?’ असा प्रश्न मनात येतो. तो स्वाभाविक आहे. पण त्याच्याशीच थांबणे बरे नव्हे. त्या संग्रामात विश्वासराव पडले, यशवंतराव पवार पडले; जनकोजी शिंदे मारले गेले; मस्तानीचे नातू नव्हे, पुत्र समशेरबहादूर जखमांनी गेले; इब्राहिमखान गारद्याने अखेरपर्यंत भाऊंची साथ सोडली नाही. त्या मातीने कोणाचे कुलगोत्र विचारले नाही. आपला मंडळ हा मोठ्या घरातील एक ओटा आहे. ओट्यावर बसून घर विसरू नये.

आणि शेवटी हेही सांगावे की, पानिपताने सारे संपले नाही. त्या रणातून जायबंदी होऊन वाचलेले महादजी शिंदे दहाच वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजांसह पुन्हा दिल्लीत होते. पराभव झाकून ठेवणाऱ्या घरात मुले भित्री होतात. तो समजावून सांगणाऱ्या घरात ती शहाणी होतात. येत्या सुटीत एक दिवस पानिपतासाठी राखून ठेवावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.