मुक्त सॉफ्टवेअर आणि चरितार्थ
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही तरुण दिवसा नोकरी करून रात्री मुक्त सॉफ्टवेअर लिहीत बसतात. त्यांचे वडील आम्हांस विचारतात, "गुरुजी, फुकट वाटावयाचे तर पोट कशावर भरावयाचे?" प्रश्न रास्त आहे.

येथे 'मुक्त' म्हणजे मोफत नव्हे. संगणकाची मूळ आज्ञावली कोणासही वाचता यावी, सुधारता यावी व दुसऱ्यास देता यावी, एवढाच त्याचा अर्थ. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन १९८५ साली 'इमॅक्स'ची फीत १५० डॉलरांस विकीत. रेड हॅट कंपनी देखभालीचे व साहाय्याचे पैसे घेऊन वाढली. २०१९ साली आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरांस घेतली. अंकगणित कोणाच्या मालकीचे नाही, तरी ते शिकवून आम्ही जन्मभर पगार घेतलाच की!

परंतु दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. जर्मनीतील वेर्नर कोख यांनी १९९७ साली 'जीएनयू प्रायव्हसी गार्ड' लिहावयास घेतले. पत्रे गुप्त राखण्याचे हे साधन जगभरचे पत्रकार वापरू लागले. कोख यांची प्राप्ती मात्र २००१ पासून वर्षाकाठी सुमारे २५,००० डॉलर. २०१३ च्या आरंभी काम सोडावे, असे त्यांच्या मनात आले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हकीकत वृत्तपत्रकारांनी छापली, तेव्हा कोठे फेसबुक व स्ट्राइप या कंपन्यांनी वार्षिक ५०,००० डॉलर प्रत्येकी देऊ केले. अठरा वर्षे उलटल्यावर! दुकानाची पाटी रंगविणाऱ्यास पैसे मिळतात. पाया राखणाऱ्याची आठवण भिंतीला तडा गेल्यावर होते.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच, की मुलांस या कामापासून परावृत्त करू नका. मात्र देखभाल, शिकवणी, ग्राहकाच्या गरजेनुसार फेरफार, यांचे दाम रोख मागण्यास त्यांस शिकवा. भिडेपोटी आपली मुले तेथेच चुकतात.

मंडळाचा जमाखर्च व सभासदांची यादी आज लिब्रेऑफिसवर होते. त्यापायी आपण आजवर एक पैसाही खर्चिलेला नाही. अशा सॉफ्टवेअरचे मराठीकरण वा दुरुस्ती करणाऱ्या ज्ञातीतील एका तरुणास विद्यार्थी-साहाय्य निधीतून सहा महिने मानधन द्यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. रक्कम सभेने ठरवावयाची आहे.