एका इंचात शंभर फूट

ज्या देहूरोडात माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली, तेथून समुद्र दिसत नाही. बोरघाट उतरून खोपोली-पेण मागे टाकल्याखेरीज खाऱ्या वाऱ्याची झुळूक अंगाला लागत नाही, आणि पाणी म्हणून आमच्या डोळ्यांना ओळखीचे आहे ते इंद्रायणीचे आणि पवनेचे, ज्यावर होडीहून मोठे असे काही तरंगताना कुणी पाहिलेले नाही. अशा गावी बसून एखाद्याने युद्धनौका बांधण्याचा छंद धरावा, हे ऐकणाऱ्याला नवल वाटते. परंतु याच लोहमार्गावर पुढे लोणावळ्यास, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या उंचीवर, १५ फेब्रुवारी १९४५ पासून ‘शिवाजी’ हे नौदलाचे शिक्षणकेंद्र उभे आहे आणि जहाजांची यंत्रे चालविण्याची विद्या सह्याद्रीच्या त्या धुक्यात शिकविली जाते. लोकलच्या डब्यात शुभ्र गणवेशातील खलाशी पोरे समोर बसलेली पाहूनच, ही मुले ज्यावर जातील ते जहाज असते तरी कसे, हा प्रश्न माझ्या मनात प्रथम उद्भवला. तेथून या छंदाला आरंभ झाला.

मी बांधतो त्या नौका तळहातावर मावतात. त्यांचे प्रमाण एका इंचास शंभर फूट, म्हणजे बाराशेस एक. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे जहाज दुरून ओळखता यावे म्हणून खलाशांना व वैमानिकांना ज्या प्रतिकृती दाखवीत, त्यांतील पुष्कळशा याच मापाच्या होत्या. पाण्याखालचा भाग या नौकांना नसतोच, कारण मेज हेच त्यांचे पाणी; जहाजाचा तळ पाण्याच्या रेषेवर सपाट कापून टाकावयाचा आणि निळ्या चादरीवर त्याला उभे करावयाचे. मग दोन पक्ष, पाळीपाळीने चाल, वेगाच्या हिशेबाने इतकेच इंच पुढे सरकणे, तोफेच्या पल्ल्याच्या हिशेबाने मारा. अमेरिकेतील फ्लेचर प्रॅट नावाच्या लेखकाने बसविलेल्या खेळातील एक नियम मला विशेष प्रिय आहे: शत्रूचे अंतर किती, हे पट्टी न लावता केवळ नजरेने सांगावयाचे, आणि सांगून झाल्यावरच मोजावयाचे, अदमास चुकला की गोळा पाण्यात. हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी १९४२ साली लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी मांडलेला खेळ आठवावा. जमिनीवर खडूने आखलेल्या रेषा, त्यांवर चिमुकली जहाजे, आणि आडपडद्याच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढ्यावरच हुकूम देणारे अधिकारी. जर्मन पाणबुड्यांशी झुंजण्याचे डावपेच त्या फरशीवर घोटले जात आणि मग अटलांटिक महासागरावर वापरले जात.

माझ्या आरमारातील मला सर्वांत जिव्हाळ्याची नौका म्हणजे तेव्हाच्या हिंदी नौदलाची ‘बेंगॉल’. ही ऑस्ट्रेलियात बांधलेली, सुरुंग काढण्याच्या कामाची लहानशी नौका. लांबी १८६ फूट, आणि मोठी म्हणावी अशी तोफ एकच, तीही बारा पौंडी. माझ्या मापाने तिची लांबी सुताराच्या भाषेत पावणेदोन इंच आणि एक सूत, तेही पुरते नव्हे. सावंतवाडीचे चितारी खेळण्यांसाठी पांगारा वापरतात, म्हणून मीही प्रथम तोच घेतला. परंतु इतक्या बारीक कामात त्याच्या कडा चुरू लागल्या, तेव्हा शिवणीचा तुकडा आणला, जो पावसाळ्यातही फुगत-वाकत नाही. नाळ पटाशीने उतरवावयाची, मग दाढीच्या पात्याने, मग झिजलेल्या पॉलिश पेपरने. धुराड्याला अगरबत्तीची काडी, डोलकाठीला जळक्या मोटारीच्या वेटोळ्यातली तांब्याची तार, आणि तोफ तिळाएवढी, चिमट्याने धरून सरसाच्या थेंबावर टेकवावयाची. या प्रमाणात माणूस मोहरीच्या दाण्याएवढाही भरत नाही. ते काम करताना श्वास आपोआप रोखला जातो.

रंगाच्या बाबतीत मात्र माझी पहिली ‘बेंगॉल’ बिघडली. बाजारातून आणलेल्या डबीतला करडा रंग, जो खऱ्या जहाजाच्या रंगाशी मी छायाचित्रांवरून आणि वर्णनांवरून काळजीपूर्वक जुळवला होता, तो जसाच्या तसा दिला, आणि नौका लोखंडाच्या ढेकळासारखी काळवंडलेली, निर्जीव दिसू लागली. दोष कोठे आहे हे महिनाभर उमगले नाही. मग एके दिवशी घोरावडेश्वराच्या डोंगरावर लेण्यांपाशी बसलो असता पायथ्याची झाडी हिरवीगार, आणि पश्चिमेला विसापूर-लोहगडाची ओळ मात्र फिकट निळसर दिसली. वास्तविक तेथेही हिरवळच होती. दूरत्वाने रंग विरतो. दीड फुटावरून मी जी प्रतिकृती पाहतो ती वस्तुतः अठराशे फुटांवरचे जहाज पाहतो, तेव्हा मधल्या तेवढ्या हवेचा रंग त्या करड्यात मिसळलाच पाहिजे. घरी येऊन रंग खरवडला, तीन भागांत एक भाग पांढरा आणि निळ्याचा एक ठिपका घालून फिरून दिला. मग पातळ काळे पाणी सांध्यांतून सोडले, आणि कडांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरविला. नौका पाण्यावर आली.

आता त्या नौकेची हकीकत. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीने जात असता ‘बेंगॉल’ला दोन जपानी जहाजे आडवी आली: ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’, मूळची उतारूंची, पण युद्धासाठी तोफा चढवून सज्ज केलेली, प्रत्येकी दहा हजार टनांवरची. माझ्या चादरीवर त्यांची लांबी सुमारे पाच इंच. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निसटण्यास सांगून स्वतःची नाळ शत्रूकडे वळविली, ‘ओंडिना’ही सरळ पळून न जाता आपल्या चार इंची तोफेने मारा करीत राहिली. त्या तोफेस गोळे होते ३२.

श्रोतेहो, दारूगोळ्याच्या हिशेबाच्या वह्या लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला ३२ म्हणजे किती हे निराळे सांगावे लागत नाही. शिल्लकेच्या रकान्यात तो आकडा दिसला की हातातले काम टाकून आम्ही मागणीपत्र लिहावयास घेत असू. समुद्रात मागणीपत्र पाठविणार कोणाकडे? म्हणून ही लढाई मांडताना मी ‘ओंडिना’ खेळणाऱ्यापुढे तुरीचे बत्तीस दाणे मोजून ठेवतो, आणि प्रत्येक बारास एक दाणा वाटीत टाकावयास लावतो. माझ्या पुतणीने पहिल्या चार चालींत अकरा दाणे उधळले. नंतर मात्र ती बोलेनाशी झाली, आणि प्रत्येक दाण्यापूर्वी गुडघ्यावर वाकून अंतराचा अदमास घेऊ लागली. सागरी मैल या प्रमाणात पाच फुटांचा होतो. दोन मैलांवरचा शत्रू म्हणजे आमच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी. तेथून ‘बेंगॉल’ दिसते ती नखाच्या कोरेएवढी.

प्रत्यक्षात घडले ते असे की एक गोळा वर्मी बसून ‘होकोकू मारू’ला आग लागली, स्फोट झाला, आणि ते प्रचंड जहाज बुडाले. ‘बेंगॉल’ दारूगोळा संपत आल्यावर धुराच्या आडोशाने निसटली. ‘ओंडिना’चा कप्तान मारला गेला, जहाजाला पाणतीर लागले, तरी ती तरली आणि ऑस्ट्रेलियास परत पोचली; इकडे ‘बेंगॉल’ दिएगो गार्सियास सुखरूप गेली. आमच्या खोलीत हा निकाल क्वचितच लागतो. बहुतेक खेळांत ‘बेंगॉल’ बुडते, आणि ती बुडत असल्यामुळेच त्या दिवशी नाळ वळविण्याचा हुकूम देणे म्हणजे काय, हे मुलांना माझ्या सांगण्यावाचून कळते.

दुकानांत तयार संच मिळतात ते जर्मनीच्या ‘बिस्मार्क’चे आणि जपानच्या ‘यामातो’चे, ती जहाजे सुरेख आहेत, त्यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु ‘बेंगॉल’ हवी असेल तर आपल्याच हाताने कोरावी लागते, आणि शिवकालीन आरमाराची तर गोष्टच नको. १६७९ च्या ऑक्टोबरात खांदेरीपाशी दौलतखानाची गलबते वल्ह्यांच्या बळावर इंग्रजांच्या शिडाच्या जहाजांवर चालून गेली आणि ‘डव्ह’ नावाचे गुराब धरून घेऊन आली. तो दिवस चादरीवर मांडावयाचा तर वाऱ्याचे, भरती-ओहोटीचे आणि वल्हेकऱ्यांच्या दमाचे निराळे नियम बसवावे लागतील, आणि चाळीसएक गलबते लागतील. माप तेच ठेवले तर गलबत बोटाच्या पेराएवढेही होणार नाही, म्हणून येथे प्रमाण वाढवावे असा माझा विचार आहे. गुराबाची लांब, खाली उतरत गेलेली नाळ साधणे सर्वांत अवघड. तीन तुकडे फुकट गेले आहेत. चौथा माळ्यावर वाळत पडला आहे, आणि शिडांसाठी जुन्या धोतराचे तलम कापड खळ लावून ताणून ठेवले आहे.