हाड मोडल्यास प्रथमोपचार

हाड मोडल्यावर प्रथमोपचार करणाऱ्याचे मुख्य काम म्हणजे मोडलेला भाग हलू न देणे. हाड बसवणे हे डॉक्टरांचे काम. मोडक्या हाडाची टोके धारदार असतात. हिसका बसला की शेजारच्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात. बदलापूर लोकलमधून पडलेला प्रवासी असो, अंबरनाथच्या एमआयडीसीतला कामगार असो की उल्हासनगरात न्हाणीघरात घसरलेली आजी असो, नियम हाच.

आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहावे. अपघात रुळांवर झाला असेल, तर स्टेशनमास्तरांना कळवून गाड्या थांबल्याची खात्री करावी, मगच खाली उतरावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास आणि रक्तस्राव यांकडे हाडाच्या आधी लक्ष द्यावे.

सूज, तीव्र वेदना, वाकडा झालेला अवयव, भार टाकता न येणे ही लक्षणे. खुब्याचे हाड मोडल्यास पाय बहुधा आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. शंका असली तरी हाड मोडले आहे असेच धरून चालावे. जखमेतून हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. हळद किंवा मलम न लावता स्वच्छ कापडाने झाकावे आणि रक्त वाहत असल्यास हाडाच्या कडेने दाब द्यावा.

मनगटाजवळचे हाड मोडले असेल तर बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी काढावे, कारण सूज चढत जाते. हात आहे त्याच स्थितीत ठेवून घडी घातलेले वर्तमानपत्र बोटांपासून कोपरापर्यंत खालून लावावे, मोडलेल्या जागेच्या वर व खाली हलकेच बांधावे आणि ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवावा. बोटाचे नख दाबून सोडावे. दोन सेकंदांत लाली परतली नाही किंवा बोटे बधिर झाली तर बांधणी सैल करावी.

पाय मोडला असेल तर जखमीला उठवू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत पायाला दोन्ही बाजूंनी घड्या केलेल्या चादरींचा आधार द्यावा. मांडीचे हाड मोडल्यास आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त जाऊ शकते, म्हणून येथे उशीर नको. मान किंवा पाठ दुखत असेल तर डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. चौघांनी उचलून रिक्षात बसवणे घातक ठरते.

मालीश करू नये, हाड ओढू नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून चहा-पाणीही देऊ नये.

उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही या भागातील सरकारी रुग्णालये. रस्त्यावरील वाहन अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या भीतीने जखमीला सोडून जाण्याचे कारण उरलेले नाही.